दुपारनंतर चालणारी मशीन

लाकूड फोडायच्या मशीनमध्ये बिघडण्यासारखं असून असून काय असणार, असा प्रश्न सोनटोल्यात हरिदासभाऊ बोरकुट्यांना कुणी विचारत नाही. शेजारच्या मुखरूनं एकदा विचारला होता, आणि त्या दिवशी त्याला बैल सोडायला अंधार पडला. हरिदासभाऊ भद्रावतीच्या कारखान्यात एकतीस वर्षं देखभाल विभागात होते, चार्जमन म्हणून निवृत्त झाले, आणि दाबाखालचं तेल हा त्यांच्या मते जगातला शेवटचा प्रामाणिक पदार्थ आहे. माणूस खोटं बोलेल, मीटर खोटं बोलेल, पण तेल जिथं वाट मिळेल तिथंच जाईल. त्याच तेलानं त्यांना दगा दिला, म्हणून तर ही गोष्ट सांगायची.

मशीन त्यांनी घरी बनवलेली. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला उचलणारा जुना जॅक घेतला, तो एका लोखंडी गर्डरवर आडवा बसवला, समोर कमानपाट्याच्या पोलादाचा फाळ जोडला. बाजूला तेलाची टाकी, पंप आणि मोटर. ओंडका मधे ठेवायचा, हँडल ओढायचं, की तेलाच्या जोरानं जॅकचा दांडा पुढे सरकतो आणि ओंडक्याला फाळावर नेऊन त्याच्या दोन फाका करतो. कुऱ्हाड नाही, घाम नाही, आणि हरिदासभाऊंच्या भाषेत सांगायचं तर 'मनुष्यबळ शून्य'.

या शून्यामागे इंदुताई होत्या. नवरा निवृत्त झाल्यावर त्या त्याच्यामागे मुकाट्यानं गावी आल्या. क्वार्टरमधला गिझर, गॅस, चोवीस तास लाईट सगळं सोडून आल्या, आणि गावच्या घरात चुलीवरच्या पाण्यानं आंघोळ करायला लागल्यावर म्हणाल्या की असं पाणी आपल्याला तीस वर्षं मिळालं नव्हतं. पण पाणी तापवायला लाकूड लागतं. वाऱ्यानं पडलेली वाडीतली चिंच आणि शेताच्या धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, दोन बाभळी असं मिळून ओंडक्यांचा एक डोंगर अंगणात येऊन पडला होता. हरिदासभाऊंच्या पाठीत गॅप. मजूर धानाच्या रोवण्यात नाहीतर कापणीत. मग इंदुताईच कुऱ्हाड घ्यायच्या, आणि एके दिवशी त्यांचं उजवं मनगट असं सुजलं की पोळी लाटता येईना. त्याच सुमाराला पुण्याहून मुलीचा, पुनमचा फोन आला. दिव्यानीला पाळणाघर मानवत नाही, आई, तीन महिने ये. इंदुताई गेल्या. जाताना बॅगेची चेन ओढत म्हणाल्या, "आधी तुमच्या लाकडाचं पाहा, मंग माहं पाहू."

आता हे वाक्य कुठल्याही साध्या नवऱ्यानं हसण्यावारी नेलं असतं. हरिदासभाऊंनी ते कार्यादेश समजून मनात नोंदवलं. तीन महिन्यांचे सहा झाले, सहाचे चौदा झाले, पण त्यांनी 'कधी येतेस' असं एकदाही विचारलं नाही. काम पूर्ण न करता वरिष्ठांना तारीख विचारायची नसते, ही कारखान्याची शिस्त.

रोज संध्याकाळी सातला फोन व्हायचा. तो कसा व्हायचा तेही सांगून ठेवतो. जेवलात का, जेवलो. गोळी घेतली का, घेतली. दिव्यानी कशी आहे, चांगली आहे. बरं, ठेवतो. झालं, दोन मिनिटं. फोन ठेवल्यावर हरिदासभाऊ तो हातात धरून बसायचे. तिकडं मिक्सर फिरताना ऐकू आला होता, म्हणजे चटणी होणार, कशाची होणार ते विचारायचं राहून गेलं, असं त्यांच्या मनात यायचं. ते परत फोन करायचे नाहीत. चटणीसाठी फोन करणारा माणूस म्हणून त्यांना या वयात नाव कमवायचं नव्हतं.

मशीन सुरू झाली आणि हे चित्र पालटलं.

पहिल्याच दिवशी, दिवाळीनंतरच्या आठवड्यात, मशीननं दुपारच्या दोन तासांत वीस ओंडके फोडले. सगळा टोला, म्हणजे सगळी वस्ती, बघायला आला. त्या संध्याकाळी हरिदासभाऊंनी फोनवर प्रत्येक ओंडक्याची हकीकत सांगितली, आणि पलीकडून इंदुताई म्हणाल्या, "मंग?" नुसतं मंग. पण चौदा महिन्यांत हा शब्द त्यांनी ऐकला नव्हता. कॉलनीत असताना ड्यूटीवरून आल्यावर इंदुताई भाजी निवडत असंच मंग म्हणायच्या आणि मग त्यांना दिवसभराचं सगळं सांगावंसं वाटायचं. त्या दिवशी फोन पस्तीस मिनिटं चालला.

दुसऱ्या दिवशी जॅकच्या तोंडाशी तेलाची गळती दिसली. थेंब थेंब, पण सतत. हरिदासभाऊंनी खाली लोखंडी टोपलं ठेवलं, आणि संध्याकाळी सांगितलं, गळती आहे. "मंग?" मग सील बदलावं लागणार. सील नागपूरहून मागवावं लागणार, तोवर टाकीतलं तेल किती कमी होतं त्यावर नजर ठेवावी लागणार. चाळीस मिनिटं.

तेल मात्र कमी होईना. टोपल्यात रोज जमा व्हायचं आणि टाकीची पट्टी बघावी तर पातळी जिथल्या तिथं. साध्या माणसाला इथं शंका आली असती. हरिदासभाऊंना अभिमान वाटला. टाकीचा आकार आपण असा काढलाय की गळतीचा परिणाम पातळीवर होतच नाही, असं त्यांनी मुखरूला अर्धा तास समजावून सांगितलं. मुखरू मान डोलवत राहिला आणि शेवटी म्हणाला की त्याच्या म्हशीच्या दुधाच्या बाबतीतही असंच व्हायला पाहिजे होतं.

डिसेंबर लागला, जंगलाकडून थंडी उतरली, आणि मशीननं नवा स्वभाव दाखवला. सकाळी मोटर सुरू केली की पंप कण्हायचा, दांडा दोन बोटं पुढे यायचा आणि तिथंच थांबायचा. हँडल ओढा, लाथ मारा, फरक नाही. दुपारी बारा वाजले की तीच मशीन काही घडलंच नाही अशा थाटात ओंडके फोडायला लागायची आणि चार वाजता पुन्हा संप.

आता अशा वेळी गाव गप्प बसत नाही. मुखरूचं मत पडलं की सकाळी सगळ्यांच्या शेतावरच्या मोटरी चालू असतात, व्होल्टेज बसतं. हरिदासभाऊंनी आठ दिवस सकाळी मीटर लावून व्होल्टेज मोजलं. ते इतकं व्यवस्थित निघालं की वीजवाल्यांना कळलं असतं तर त्यांनाही आश्चर्य वाटलं असतं. मग मुखरू म्हणाला, "साहेब, थंडीनं आकडली असन. उन्हात ठेवून पाहा." यावर हरिदासभाऊ इतके हसले की त्यांना ठसका लागला. मशीन म्हणजे काय वडी-पापड आहे, असं म्हणाले. मुखरूला वाईट वाटलं असावं, कारण त्यानं पुढचे तीन दिवस सल्ला दिला नाही, आणि तीन दिवस हा त्याच्यासाठी फार मोठा काळ होता. हे हसणं हरिदासभाऊंना पुढे महागात पडलं, पण ते नंतर.

टोल्याच्या शेवटच्या घरातला लच्छू मडावी तेवढा काही बोलला नाही. तो कुंपणाशी उभा राहून मशीन बघायचा, एकदा आकाशाकडे बघायचा, आणि बायकोला, बुधरीला, गोंडीत काहीतरी सांगून निघून जायचा. बुधरी इंदुताईंची मैत्रीण. इंदुताई तिच्या पोरींची पोलकी शिवून द्यायच्या, बुधरी मोहाच्या टोळीचं, म्हणजे बियांचं, तेल, चारोळी, कधी मध आणून ओट्यावर ठेवायची. इंदुताई गेल्यावरही ती दुपारी हरिदासभाऊंची झोपेची वेळ बघून अंगणातून फेरी मारून जायची. ती तुळशीला पाणी घालते असं हरिदासभाऊंना वाटायचं, आणि तुळस हिरवीगार होती, त्यामुळे त्यांनी चौकशी केली नाही.

दोष व्होल्टेजचा नाही म्हटल्यावर तो पंपाचा. हरिदासभाऊंनी पंप खोलला, गोणपाटात गुंडाळला, वर इंदुताईंची जुनी शाल लपेटली, कारण गोणपाटातून तेल पँटला लागत होतं, आणि मांडीवर घेऊन ब्रह्मपुरीच्या बसमध्ये बसले. शेजारच्या बाईनं शालीकडे बघून आवाज खाली केला. वैनगंगेच्या पुलावर बस आदळली तेव्हा तिनं काळजीनं विचारलं की किती महिन्यांचं आहे. हरिदासभाऊ म्हणाले, "सेकंडहँड आहे." त्यानंतर बाईनं जागा बदलली.

ब्रह्मपुरीच्या वर्कशॉपवाल्या विक्कीनं पंप बाकावर बांधला, फिरवला. दुपारचा एक वाजला होता. पंप उत्तम चालला. हरिदासभाऊ पंप घेऊन परत आले, सकाळी लावला, सकाळी बंद. असे तीन वेळा गेले. तिसऱ्या वेळी विक्कीनं हात पुसत सांगितलं, "काका, पंपाले काही नाई झालं. तुमचं आन त्याचं पटत नसन." एकतीस वर्षं देखभाल विभागात काढलेल्या माणसाला हे ऐकून घ्यावं लागलं, आणि तेही चहाच्या टपरीवरचे चार लोक ऐकत असताना.

पण संध्याकाळी हे सगळं सांगताना त्यांचा अपमान आपोआप विरघळायचा. बसमधल्या बाईचा किस्सा ऐकून इंदुताई इतक्या हसल्या की दिव्यानीनं मधे फोन ओढून घेतला आणि विचारलं, "आबा, आजी रडते का?"  हरिदासभाऊ म्हणाले, नाही बेटा, हसून राह्यली. मग फोन ठेवला आणि, जेवलो असं सांगून झालं असलं तरी, चूल आत्ता पेटवली. एका माणसाचा भात करायला किती पाणी लागतं हे अजूनही त्यांना जमलेलं नव्हतं, रोज भात उरायचा, आणि उरलेला भात बघून इंदुताईंची आठवण यायची. ही आठवण पोटात दुखल्यासारखी असते, हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. सांगणार कुणाला, मुखरूला? त्यानं त्यावरही ओव्याचा सल्ला दिला असता.

या भानगडीत सरकार यायचं राहिलं होतं, तेही आलं. लाकूड आणि मोटर या दोन गोष्टी एका अंगणात असल्या की जंगलाच्या गावात त्याची बातमी होते. वनरक्षक अंकुश मोटरसायकलवरून आला, गाडी स्टँडवर लावली आणि फार अदबीनं विचारलं की ही आरा मशीन तर नाही ना, कारण आरा मशीनला परवाना लागतो. हरिदासभाऊंनी समजावलं की आरा लाकूड चिरतो, ही फोडते. अंकुशला पटलं. पण पटलं हे कागदावर कसं लिहायचं ते त्याला माहीत नव्हतं, म्हणून त्यानं त्यांना कार्यालयात अर्ज द्यायला सांगितलं.

कार्यालयात अर्जाचा एकच नमुना, आरा गिरणीचा. त्यात रकाना होता 'पात्याचा व्यास'. हरिदासभाऊंनी लिहिलं, पातं नाही. बाबू म्हणाले, रकाना रिकामा चालत नाही आणि 'नाही'ही चालत नाही, आकडा लिहा. हरिदासभाऊंनी शून्य लिहिलं. शून्य व्यासाचं पातं ही गोष्ट बाबूंच्या नोकरीत प्रथमच आली होती, त्यामुळे त्यांनी ती वर पाठवली, आणि वरून शेरा आला की प्रत्यक्ष पाहणी करावी.

पाहणीची वेळ ठरली सकाळी आठ. हरिदासभाऊंनी दुपारची मागितली, तेव्हा पाहणीला येणाऱ्या वनखात्याच्या साहेबांना संशय आला की हा माणूस सकाळी काहीतरी लपवतो. ठरल्या दिवशी साहेब, अंकुश आणि मफलरमध्ये गुंडाळलेलं सगळं गाव जमलं. हरिदासभाऊंनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. त्यांनी मुद्दाम मऊ लाकडाचा, हातानंही फुटेल असा ओंडका निवडला आणि हँडल ओढलं. दांडा दोन बोटं पुढे आला, ओंडक्याला टेकला आणि थांबला. साहेबांनी पाच मिनिटं वाट पाहिली. मग त्यांनी पंचनामा लिहिला, आणि तो हरिदासभाऊंना मोठ्यानं वाचून दाखवण्यात आला. 'सदर यंत्राची समक्ष पाहणी केली असता ते लाकूड कापणे, चिरणे अथवा फोडणे यांपैकी कोणतेही कार्य करण्यास असमर्थ असल्याचे दिसून आले. सबब परवान्याची आवश्यकता नाही.'

लोकांनी टाळ्या वाजवल्या. काम झालं होतं, कटकट मिटली होती, मुखरू तर पेढे मागायला लागला. हरिदासभाऊ मात्र कागद हातात घेऊन उभे राहिले. असमर्थ! शिक्क्यासहित! त्यांनी साहेबांना विनंती केली की दुपारी एक वाजता यावं आणि हा शब्द बदलून द्यावा. साहेबांनी थोडा वेळ त्यांच्याकडे बघितलं आणि विचारलं की घरी आणखी कोण असतं. "सध्या कोणी नाई," हरिदासभाऊ म्हणाले. साहेबांनी मान हलवली, 'सांभाळून राहा' म्हणाले आणि गेले.

त्या संध्याकाळी फोनवर त्यांनी पंचनामा अक्षर न अक्षर वाचून दाखवला. इंदुताई हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "आता हद्द झाली. रविवारी सकाळी व्हिडिओ लावा. मले दाखवा ते मशीन." हरिदासभाऊ म्हणाले, तुला काय समजणार त्यातलं. इंदुताई म्हणाल्या, नाई समजलं तर दिव्यानी पाहीन.

रविवारी सकाळी दवानं गवत पांढरं होतं. हरिदासभाऊंनी फोन समोर धरला आणि मोटर, पंप, हँडल असं एकेक दाखवत व्याख्यान सुरू केलं. पुण्यात सोफ्यावर तिघी बसल्या होत्या. इंदुताईंचे केस ओले होते, खांद्यावर टॉवेल होता. त्यांना तसं पाहून हरिदासभाऊ पंपाचा दाब किती ते विसरले आणि दोनदा चुकीचा आकडा बोलले.

"थांबा," इंदुताई म्हणाल्या. "खाली दाखवा. त्या टोपल्यात पांढरं काय हाये?"

"ग्रीस असन."

"ग्रीस असं नाई गोठत. बोट लावा. वास घ्या."

हरिदासभाऊंनी बोट लावलं. लोण्यासारखं मऊ, पांढुरकं काहीतरी बोटाला आलं. नाकाशी नेलं. हा वास दर हिवाळ्यात इंदुताईंच्या भेगाळलेल्या टाचांना यायचा.

"टोळीचं तेल हाये ते," इंदुताई म्हणाल्या. "बुधरीचं. थंडीत गोठते, दुपारी उन्हानं पातळ होते. एवढं कळलं नाई तुमाले?"

टाकीचं झाकण उघडलं तर आत साजूक तुपाचा थर जमावा तसं पांढरं घट्ट तेल, आणि पंपाकडे जाणाऱ्या जाळीवर त्याचा लपका बसलेला. दीड महिना ज्या बिघाडापुढे मीटर, विक्की आणि एकतीस वर्षांचा अनुभव हरला, तो नऊशे किलोमीटरवरून ओल्या केसांच्या बाईनं बोट लावायला सांगून काढला. आणि मुखरूनं सांगितलेलं ऊन बरोबर होतं, ही गोष्ट तर हरिदासभाऊंनी मुखरूला आजपर्यंत कळू दिलेली नाही.

ते तडक बुधरीच्या दारात गेले. रागातच गेले होते, पण बुधरी जात्यापाशी बसली होती आणि तिनं आधी बसायला पोतं टाकलं. तिनं काही नाकारलं नाही. तेल सांडत होतं ते तिनं पाहिलं होतं, म्हणून रोज दुपारी गडवाभर टाकीत ओतत होती. चांगलं तेल, नव्या टोळीचं. देणाऱ्यानं दिलं म्हणून सांगत फिरायचं नसतं, तिच्या घरची रीत तशी.

"पण मले विचाराचं तरी होतं," हरिदासभाऊ म्हणाले.

"बाई घरी असती तं तिनं मांगितलं असतं," बुधरी म्हणाली. "तुमी कवा कोणाले काई मांगतच नाई, भाऊ. मंग न मांगता टाकलं. तुमची मशीन चालली तं बाई येईन, असं म्हणत होता ना लच्छू."

 हरिदासभाऊ पोत्यावर बसून राहिले, बुधरीनं दिलेला कोरा चहा प्यायले आणि घरी आले. आपण मशीन कशासाठी करतोय हे आपण कुणाला सांगितलेलं नाही अशी त्यांची समजूत होती. टोल्याला ते पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

मग टाकी धुतली, पंप डिझेलनं साफ केला, नागपूरहून आलेलं सील बसवलं, नवं तेल भरलं. मशीन पहाटे सहाला, दवात उभी राहून, पहिल्या झटक्यात चालली. चार दिवसांत चिंच संपली, बाभळी संपल्या, मुखरूची आणि लच्छूची लाकडं आली तीही संपली. कंपाउंडच्या भिंतीला लागून छातीइतक्या उंचीची, सारख्या मापाची थप्पी लागली. बुधरीनं थप्पीवर हात फिरवला आणि म्हणाली की बाईनं पाह्यलं पाह्यजे.

हरिदासभाऊंनी त्या संध्याकाळी सातला नाही, पावणेसातलाच फोन केला. सांगितलं की लाकडं फोडून झाली. सगळी. वर्षभर पुरतील. आणि त्यांनी श्वास धरला.

"बरं झालं," इंदुताई म्हणाल्या. मग थोडं थांबून, "जेवलात का?"

जेवलो. गोळी घेतली. दिव्यानी चांगली आहे. ठेवतो. दोन मिनिटं.

दुसऱ्या दिवशी दोन मिनिटं. तिसऱ्या दिवशी नेटवर्क चांगलं होतं तरी दीड. हरिदासभाऊ थप्पीसमोर खुर्ची टाकून बसायचे. यंत्र सुरू होतं आणि सांगायला काही नव्हतं. पूर्वी सकाळी उठल्यावर आज काय बिघडेल याची काळजी असायची, त्या काळजीच्या जोरावर संध्याकाळ गाठता यायची. आता सकाळ झाली की समोर एकदम संध्याकाळच दिसायची, आणि तीही दोन मिनिटांची. माणसानं काम पूर्ण करावं की नाही, याचा त्यांनी आयुष्यात प्रथमच फेरविचार केला.

चौथ्या दिवशी दुपारी त्यांनी मागेपुढे पाहिलं. मुखरू शेतावर होता. पाना घेतला, मोटर आणि पंप जोडणाऱ्या कपलिंगचा नट दीड फेरा सैल केला, आणि मशीन सुरू केली. खडखड आवाज आला. एकतीस वर्षांत त्यांनी जाणूनबुजून एकही नट सैल ठेवला नव्हता. कपाळाला घाम आला, पण मन हलकं झालं, आणि सात कधी वाजतात याची ते वाट बघू लागले.

"आज आवाज येऊन राह्यला मशीनमधून," ते फोनवर म्हणाले.

"मंग?" तिकडून लगेच आलं. किती दिवसांनी आलं.

"कपलिंगचा नट सैल झाला."

"तो कसा होईन? मागच्या सोमवारी तर तुमी त्याच्यावर दुसरा नट कसला म्हणत होते. सांगून सांगून माहं डोस्कं खाल्लं होतं."

 तिनं सगळं ऐकलं होतं. एकेक नट लक्षात ठेवला होता.

"अवो," इंदुताई म्हणाल्या, "सैल झाला का केला?"

 लच्छूच्या घराकडून कोंबड्या आत घेतल्याचा आवाज आला.

"केला," हरिदासभाऊ म्हणाले.

"काऊन?"

"मशीन चांगली चालून राह्यली, इंदू. लाकडं संपली. सांगाले काही राह्यलंच नाई." त्यांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. "मले करमत नाई."

पलीकडे मिक्सर चालू होता, तो बंद झाला.

"मले वाटलं, तुमाले मशीन भेटली," इंदुताई हळू आवाजात म्हणाल्या. "रोज एवढं भरभरून सांगता. म्हन्लं, यांचं मस्त चाललं हाये, आता कायले पाह्यजे मी." मग त्यांनी नाक ओढलं. "कवापासून करमत नाई?"

"तू गेली त्या दिवसापासून," हरिदासभाऊ म्हणाले. "साडेनऊची नागपूरची बस होती."

फोन गप्प झाला. रेंज गेली असं समजून ते उठून थप्पीपाशी गेले, फोन उंच धरला, परत कानाला लावला. रेंज होती. इंदुताई बोलत होत्या, पण त्यांच्याशी नाही.

"पुनम, नागपूरच्या गाडीत उद्याची एक सीट पाह्य. कोणतीई चालते."